कांद्याचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही

लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यातल्या कांदा व्यापाऱ्यांना भावाचे तक्ते करून देण्याचं माझं काम 2010 च्या सुमारास सुरू झालं. तेव्हा डॅशबोर्ड हा शब्द गाडीतल्या काट्यांपुरताच होता. पणन मंडळाच्या संकेतस्थळावरून रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर उतरवून घ्यायचे, एक्सेलमध्ये चिकटवायचे आणि मथळ्यावरचा बाण दाबून हवी ती बाजार समिती निवडायची. एक्सेल 2010 मध्ये स्लायसर आला. बाणाच्या जागी बटणं दिसू लागल्यावर खळ्यावरचा मुनीमसुद्धा माऊसला हात लावू लागला.

बटणं आली तशी भांडणंही आली. महिने इंग्रजी अक्षरक्रमाने लागायचे. एप्रिलनंतर ऑगस्ट, ऑगस्टनंतर डिसेंबर. हे लवकर सुटलं. महिन्याशेजारी आकड्याचा स्तंभ दिला की झालं. बाजार समित्यांच्या नावांनी मात्र छळलं. लासलगाव वेगळं, ‘लासलगाव - विंचूर’ वेगळं, ‘लासलगाव - निफाड’ आणखी वेगळं. नुसतं लासलगाव निवडलं की उपबाजारांची आवक गळायची आणि व्यापारी म्हणायचा, “एवढ्याच गाड्या? मग काल विंचूरला मी काय माशा मारल्या?” शेवटी मुख्य बाजार आणि त्याखाली उपबाजार अशी उतरंड करून दिली.

सरासरीची चूक जास्त महागात पडली असती. समजा, एका बाजारात दहा हजार क्विंटल कांदा 1500 ने गेला आणि दुसऱ्यात पाचशे क्विंटल 2100 ने. दोन्ही बटणं दाबली की तक्ता सरळ 1800 दाखवायचा. आवकेचा भार धरला तर आकडा 1530 च्या आतच राहतो. शेठजींनी तो 1800 पाहिला आणि काही न बोलता खिशातली वही काढली. फिल्टरमागचं गणित बदलायला पाहिजे, हे मला त्या वहीने शिकवलं.

2015 मध्ये पॉवर बीआय बाजारात आलं, आम्ही थोडं उशिरा त्याच्याकडे वळलो. वर्षाचा फिल्टर तयारच मिळत होता, पण तोच कुचकामी ठरला. लाल कांद्याचा हंगाम डिसेंबर-जानेवारीवरून आडवा जातो. 2018 निवडलं की एका हंगामाचं शेपूट आणि दुसऱ्याचं तोंड एकत्र. उन्हाळ कांदा एप्रिलच्या आसपास निघतो आणि चाळीत बसून दिवाळीपर्यंत विकला जातो. जानेवारी-डिसेंबरचं वर्ष त्याला बरंचसं जमतं, लालला नाही. म्हणून तारखेवरून आणि जातीवरून ‘हंगाम’ असा वेगळा स्तंभ बांधला आणि वर्षाचं बटण काढूनच टाकलं. मागच्या हंगामाची रेषा मात्र हंगामाच्या बटणाने हलू नये, अशी सोय करावी लागली, नाहीतर तुलना कशाशी करणार?

मग ‘निर्यातबंदी’चं बटण. 29 सप्टेंबर 2019 ते 15 मार्च 2020, पुन्हा 14 सप्टेंबर 2020 ते वर्षअखेर. हे दिवस वगळून भाव पाहायची मागणी व्यापाऱ्यांकडूनच आली. खुल्या बाजारातला भाव आणि दिल्लीच्या एका आदेशाने पाडलेला भाव एकाच सरासरीत घालायचा नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. होय-नाही एवढे दोन पर्याय तेव्हा पुरले.

ऑगस्ट 2023 मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क आलं आणि तिसरा पर्याय टाकला. 8 डिसेंबरला परत बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण शुल्क तेवढंच आणि वर टनाला 550 डॉलरचं किमान निर्यातमूल्य, म्हणजे चौथा पर्याय. सप्टेंबरात मूल्याची अट गेली, शुल्क वीस टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. बटणाचं नाव आता नुसतं ‘निर्यात’ आहे आणि त्याची यादी पडद्यावर मावत नाही म्हणून खाली सरकवावी लागते.