रुळांची चौकशी, विमान खात्याकडून

मुंबईत किंवा पुण्यात मेट्रोचा नवा टप्पा तयार झाला, की मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्राची वाट पाहिली जात असल्याची बातमी हमखास येते. हे आयुक्त ज्या रेल्वे सुरक्षा आयोगाचे, तो मात्र रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही. तो आहे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे. वरवर हा सरकारी विनोद वाटतो, पण त्यामागे मोठे शहाणपण आहे. १९०५ पासून गाड्या चालवणे आणि त्यांच्या सुरक्षेची तपासणी, दोन्ही रेल्वे बोर्डाकडेच होते. म्हणजे हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच. ब्रिटनचे रेल्वे तपासणी प्रमुख कर्नल माउंट यांच्या समितीने ही गाठ सोडवण्याच्या बाजूने मत दिले आणि १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांना, म्हणजे आजच्या आयोगाच्या पूर्वसुरींना, बोर्डापासून तोडून टपाल व हवाई खात्याला जोडले गेले. १९६७ पासून ते विमान वाहतुकीबरोबर आहेत.

या अंतराचा उपयोग काय, ते बालासोरच्या रेल्वे अपघाताने दाखवले. २ जून २०२३ रोजी तिथल्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस मुख्य मार्गाचा सिग्नल मिळूनही लूप लाइनवर शिरली, उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे गेली. घातपाताची चर्चा लगेच सुरू झाली. सीबीआयही आली, तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना अटक झाली. आयोगाचा प्रश्न वेगळा होता: सिग्नल खोटे का बोलला? उत्तर रेल्वे फाटकाच्या कामात आणि त्याआधीही सिग्नलच्या वायरिंगमध्ये झालेल्या सदोष बदलांत सापडले. त्याहून जिव्हारी लागणारी नोंद पुढे आहे. मे २०२२ मध्ये त्याच विभागात बांकडा नयाबाज येथे चुकीच्या वायरिंगचाच असा प्रकार घडला होता. तेव्हा दुरुस्ती झाली असती, तर हा अपघात टळला असता. अटकेने एक हात थांबतो, पण तशाच चुकीच्या जोडणीची सिग्नलची दुसरी पेटी कुठे आहे, हे अटक सांगत नाही. शिक्षेचा धाक हवा, हे खरे; मात्र ते काम पोलीस आणि न्यायालयाचे. दोन्ही चौकशांची सरमिसळ झाली की साक्षीदार तोंड उघडायला कचरतो.

आक्षेप असा, की आयोगाचे अधिकारी रेल्वेच्याच सेवांतून येतात, मग हे स्वातंत्र्य कसले? इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि रुळांचे सांधे एकमेकांशी बांधून ठेवणारी यंत्रणा, कळायला त्यात हात काळे झालेला माणूसच लागतो, त्यामुळे हा आक्षेप मला फारसा पटत नाही. खरी उणीव पुढची आहे. आयोग शिफारस करतो. ती मानायची की नाही, हे रेल्वे ठरवते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्येच यावर बोट ठेवून पुरेसे अधिकार असलेले, वैधानिक रेल्वे सुरक्षा प्राधिकरण सुचवले होते. बालासोर घडले तेव्हा त्या शिफारशीला अकरा वर्षे झाली होती आणि प्राधिकरण अस्तित्वात नव्हते.