दशाश्वमेध घाटासाठी उतरावे कोठे?

काशीयात्रेच्या तिकिटावर ‘वाराणसी’ हेच नाव असेल असे नाही. मुंबईची महानगरी एक्सप्रेस वाराणसी जंक्शनला, म्हणजे तेथील बोलीत ‘कँट’ला, पोहोचते, दशाश्वमेध घाट तेथून सुमारे पाच किलोमीटर. मडुआडीह स्थानकाचे २०२१ मध्ये ‘बनारस’ झाले, तेही शहरातच. खरी गफलत होते ती मुगलसरायबाबत. २०१८ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणून ओळखले जाणारे हे स्थानक गंगेच्या पैलतीरी आहे आणि हावडा-दिल्ली मार्गावरील अनेक गाड्या वाराणसीत न शिरता तेथूनच पुढे जातात. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या पुलावरून शहरात येईपर्यंत वेळ जातो, आणि सायंकाळची गंगाआरती कुणाही वृद्ध यात्रेकरूसाठी थांबत नाही! गोदौलिया चौकापुढे घाटापर्यंत बहुधा पायीच जावे लागते. सामान बेताचेच घ्यावे.