‘एक्स्टोल’ : चारचौघांतली स्तुती

वाशीच्या वर्गात एका विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात लिहिले, ‘आई मला रोज एक्स्टोल करते.’ आई शाबासकी देते, एवढेच बिचाऱ्याला म्हणायचे होते! कोशात तर अर्थ ‘स्तुती करणे’. मग चुकले कुठे?

वाचकहो, या क्रियापदाचे मूळ लॅटिन. अर्थ, वर उचलणे. म्हणून ही स्तुती भारदस्त, बहुधा चारचौघांत केलेली, आणि बरेचदा माणसापेक्षा त्याच्या गुणांची. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना ‘मार्ग’ नियतकालिकात मांडली. तिचे फायदे कोणी भरसभेत रंगवून सांगितले, तर तिथे हा शब्द चपखल बसेल. घरच्या शाबासकीला साधे ‘प्रेज’ पुरे.

आपल्याकडेही स्तुतीने माणूस वर चढतो, पण हरभऱ्याच्या झाडावर! त्यात लबाडी आहे, ‘एक्स्टोल’मध्ये ती नाही. त्याला जवळचे आपले ‘वाखाणणे’. गंमत पाहा, ते आले संस्कृत ‘व्याख्यान’वरून, आधी उलगडून सांगणे, मग वानणे.

मी त्या मुलाला विचारले, “आई नेमकं काय वाखाणते रे?”

जरा थांबून तो म्हणाला, “सर, पहाटे उठून पाणी भरतो, ते.”