एका हंगामाचा क्लब आणि पंचेचाळीस दिवसांची उधारी

पेणच्या बाजारात किंवा रोह्याच्या स्टेशन रस्त्यावर ज्यांचे शिलाईचे, छपाईचे, गाडीभाड्याचे किंवा जेवणाच्या ऑर्डरीचे काम आहे, त्यांच्याकडे खेळाचे गिऱ्हाईक वर्षातून दोन-चार वेळा येतेच. आजवर हे गिऱ्हाईक बहुतेक टेनिस बॉल क्रिकेटचे नाहीतर कबड्डीचे. चषक, टी-शर्ट, मंडप, बिर्याणीचे डेग. रक्कम बेताची आणि ओळख गावातली. पैसे उशिरा आले तरी देणारा कुठे पळून जात नाही, जुम्याच्या नमाजला भेटतोच. पण उद्या एखाद्या व्यावसायिक फुटबॉल क्लबचा माणूस दारात आला, छापील लेटरहेडवर मोठी ऑर्डर दिली, तर? नाव मोठे, मागे उद्योगपती, म्हणून आपला कारागीर डोळे झाकून माल देईल. म्हणूनच पुण्यात काय घडले ते आपल्या व्यापारी बांधवांनी नीट पाहून ठेवावे. पेणहून खोपोली ओलांडून घाट चढला की पुणे. फार लांबची गोष्ट नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये पुण्याच्या कल्याणी समूहाला आय-लीग स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला. खालच्या विभागातून जिंकत वर येण्याऐवजी बोली लावून मिळवलेली ही जागा होती. क्लबचे नाव ठेवले भारत एफसी. स्टुअर्ट वॉटकिस हे इंग्लंडचे प्रशिक्षक आणले, परदेशी खेळाडू घेतले, बालेवाडीचे मैदान घेतले. जानेवारी २०१५ मध्ये हंगाम सुरू झाला, मे अखेरीस संपला. अकरा संघांत भारत एफसी अकरावा आला. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मालकांनी क्लब बंद केला. कागदावरच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मोजले तरी वर्ष भरत नाही.

यातला एक प्रकार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. थेट प्रवेश घेणाऱ्या संघाला सुरुवातीची काही वर्षे खाली ढकलायचे नाही, अशी सवलत होती. त्यामुळे शेवटचा आलेला भारत एफसी वाचला आणि दहावा आलेला गोव्याचा डेम्पो दुसऱ्या विभागात गेला. डेम्पो म्हणजे पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला क्लब. आणि ज्याच्यासाठी त्याला खाली पाठवले, तो पुढच्या हंगामाला मैदानात उतरलाच नाही! बाजारातही असे होते. नव्या मॉलसाठी जुना गाळेधारक उठवतात आणि दोन वर्षांत मॉलला टाळे लागते.

त्याच उन्हाळ्यात पुणे एफसीनेही आय-लीगमधला शेवटचा सामना खेळला. हा क्लब २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने काढलेला. दुसऱ्या विभागातून खेळून वर आलेला आणि २०१२-१३ मध्ये देशात दुसरा आलेला. तोही थांबला. रिकामी जागा भरायला डीएसके शिवाजीयन्स आला. तो आधी दुसऱ्या विभागात खेळत असे, २०१५ मध्ये त्याने थेट प्रवेश घेतला. पहिल्याच हंगामात तोही शेवटचा आला आणि त्याच सवलतीने वाचला. दोन हंगाम खेळून २०१७ मध्ये तोही गेला. त्याचे मालक पुण्याचे बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी. त्याच सुमारास ठेवीदारांचे पैसे परत न दिल्याच्या तक्रारींवरून त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना अटक झाली. ठेव अडकणे म्हणजे काय, हे पेणच्या माणसाला सांगायला नको. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आणले, तेव्हा कोणाच्या मुलीच्या निकाहाची रक्कम आत होती आणि कोणाची आखातातली दहा वर्षांची कमाई, हे अजून घरोघरी आठवते.

दोन क्लब, दोन तऱ्हा. भारत एफसी बंद झाला तेव्हा मालकाचे कारखाने धडधडत होते. त्याला हा खर्च पुढे करायचा नव्हता एवढेच. डीएसकेच्या बाबतीत मालकाचाच धंदा ढासळला. म्हणजे मालक सुखात असो की संकटात, क्लबचे आयुष्य त्याच्या मर्जीबाहेर नव्हते.

असे का होते? क्लबचा हिशेब सरळ आहे. खेळाडू आणि प्रशिक्षकांचे पगार, परदेशी खेळाडूंची घरे, आयझॉल-शिलाँग-कोलकाता-गोवा असा विमानप्रवास, हॉटेल, मैदानाचे भाडे, रुग्णवाहिका. शिवाय आशियाई फुटबॉल महासंघाच्या परवान्याच्या अटी: लेखापरीक्षित हिशेब, लहान मुलांचे संघ, पात्रताधारक प्रशिक्षक. हा सगळा खर्च दर महिन्याला ठरलेला. जमेच्या बाजूला तिकिटे, जाहिरातदार आणि दूरदर्शन प्रसारणाचा वाटा. भारतात, त्यातही आय-लीगमध्ये, ही बाजू रिकामीच असे. २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खेळाचे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले. (रोहा तालुक्यातल्या नागोठण्याचा कारखाना ज्यांचा, तेच हे रिलायन्स.) त्यांनी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू केली. जाहिरातदार, सिनेमाचे तारे, प्रसारण, सारे तिकडे गेले. २०१९ मध्ये आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या पायरीवर आली, पण गिऱ्हाईक त्याआधीच पाच वर्षे समोरच्या दुकानात गेले होते. त्या मोठ्या दुकानाचेही फार काही बरे नाही. पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि जुलै २०२५ मध्ये कराराच्या घोळामुळे अख्खी लीगच लांबणीवर टाकावी लागली.

आपल्याकडे मुदारबाची पद्धत माहीत असलेल्यांना यातली गोम लगेच कळेल. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा, तोटा भांडवलवाल्याचा. पण त्या व्यवहारात दोघेही नफ्यासाठी बसलेले असतात. इथे नफा येणार नाही हे भांडवलवाल्याला पहिल्या दिवशीच ठाऊक होते. तो जाहिरातीचा खर्च करत होता, आणि जाहिरातीचा खर्च कंपनी सर्वांत आधी कापते. उलट कोल्हापुरात पहा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, हे पेठांचे आणि तालमींचे संघ. शाहू स्टेडियमवर लोक तिकीट काढून येतात, खेळाडू गल्लीतला. तिथे उद्योगपती नाही, म्हणून उद्योगपती निघून जाण्याचा प्रश्नही नाही. कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग १८९१ पासून चालू आहे. त्याने १९३४ ते १९३८ सलग पाच वेळा कोलकाता लीग जिंकली, ९० वर्षांनी, २०२४ मध्ये, सुपर लीगमध्ये पोहोचला, आणि तिथे गेल्यावर पगार थकले म्हणून २०२५ मध्ये खेळाडूंनी सराव थांबवला. जुने नाव असले तरी महिनाअखेर कोणाला चुकत नाही.

आता आपल्या कामाचे.

क्लब ही बहुधा स्वतंत्र प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असते. जर्सीवर ज्या समूहाचे नाव छापायचे, ऑर्डर देणारी कंपनी तीच असेल असे नाही. ती कंपनी बंद पडली तर मालकाच्या बंगल्यावर जाऊन उपयोग नसतो. कायद्याने तो वेगळा. दिवाळखोरीत गेली तर तारण घेतलेली बँक आधी, माल देणारा दर्जी मागे. म्हणून ऑर्डरवर कोणत्या कंपनीचे नाव, कोणाची सही आणि जीएसटी क्रमांक कोणाचा, हे आधी वाचावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. आपण तो ऐकतो आणि व्यवहार मात्र तोंडीच करतो.

दुसरे, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु कारागिराचे पैसे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. नाही दिले तर सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. २०२३-२४ या वर्षापासून असे थकवलेले बिल खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. ते प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येते. ही मात्रा बरी लागू पडते. थकबाकीवर चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. आपले अनेक बांधव सूद घेत नाहीत, त्यांनी मुद्दलाची मागणी जरूर करावी, ती व्याजावाचूनही करता येते. मात्र एक ध्यानात ठेवावे. हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. भिवंडीहून तयार टी-शर्ट आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. शिवणारा आत, विकणारा बाहेर. हा फरक आमच्या मते अन्यायाचा आहे, पण आज कायदा तसा आहे.

आणि आगाऊ रक्कम. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात बुकिंग घेताना पैसे का घेतात? चतुर्थी उलटली की उरलेली मूर्ती वर्षभर पडून राहते. क्लबचे बोधचिन्ह छापलेली जर्सी त्याहून वाईट. चतुर्थी पुढच्या वर्षी येते. बंद पडलेला क्लब येत नाही. तेव्हा निदान कापड आणि छपाईचा खर्च हातात आल्याशिवाय कात्री लावू नये.

खेळाडूंचे काय झाले, असे कोणी विचारील. खालिद जमील यांचेच पहा. ते महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तीन संघांकडून खेळले. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाला २०१३ मध्ये परवान्याच्या अटींवरून आय-लीगबाहेर जावे लागले. मुंबई एफसीला त्यांनी सात वर्षे शिकवले. ते गेल्यावर पुढच्याच हंगामात, २०१७ मध्ये, तो तळाला जाऊन बंद पडला. त्याच हंगामात जमील यांनी मिझोरामच्या आयझॉल एफसीला देशाचे विजेतेपद मिळवून दिले. हा आयझॉल आदल्या वर्षी डीएसके शिवाजीयन्सच्या वर राहूनही, त्या सवलतीपायी, खाली ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतली म्हणून त्याला परत बोलावले. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.