माहेरी जाताना सोबत न्यावयाचा एक कागद

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी निघते, तेव्हा दुपटी, झबली, कुंची सारे आठवणीने बांधले जाते. सासरच्या गावी झालेल्या तपासण्यांची फाइल मात्र पुष्कळदा कपाटातच राहून जाते. त्या फाइलमधील एका कागदावर बाळाचे पुढील आयुष्य अवलंबून असू शकते. तो कागद म्हणजे हेपॅटायटिस बी या विषाणूच्या रक्ततपासणीचा अहवाल.

हा विषाणू यकृतात ठाण मांडतो. गर्भवतीला बहुधा कसलाच त्रास जाणवत नाही. म्हणून प्रकृती उत्तम दिसली तरी तपासणी टाळू नये. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्ताच्या संपर्कातून विषाणू बाळाकडे जाऊ शकतो. निरोगी प्रौढांना लागण झाली, तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. जन्मवेळी लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळांत मात्र तो कायमचा राहतो आणि पुढे यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग उद्भवण्याचा धोका असतो.

यावर उपाय आहे, परंतु तो वेळेशी बांधलेला आहे. प्रत्येक बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत या रोगाची लस द्यावयाची असते. त्यानंतर ६, १० व १४ आठवड्यांना पुढील मात्रा दिल्या जातात. आई बाधित असेल, तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही शक्यतो १२ तासांच्या आत द्यावे लागते. हे इंजेक्शन प्रत्येक दवाखान्यात तयार असतेच असे नाही. ते आधीच मागवून ठेवावे लागते. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना अहवालच ठाऊक नसेल, तर ही मोलाची वेळ हातची निसटते. विषाणूचे प्रमाण अधिक असलेल्या मातेला गर्भारपणातच गोळ्याही देता येतात.

अहवालात दोष निघाला की काही घरांत कुजबुज सुरू होते, सुनेचे ताट वेगळे मांडले जाते. हे अज्ञान आहे, आणि अन्यायही. अनेकींना ही लागण स्वतःच्या जन्माच्या वेळी किंवा बालपणीच झालेली असते. एका पंगतीत जेवल्याने, एकत्र राहिल्याने वा बाळाला कुशीत घेतल्याने ती पसरत नाही. बाळाला वेळेवर लस मिळाली, की आईने निःशंकपणे अंगावर पाजावे. पती व घरातील इतरांनी आपली तपासणी करून घ्यावी आणि आवश्यक तेथे लस टोचून घ्यावी. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश या वस्तू मात्र प्रत्येकाच्या स्वतंत्र असाव्यात.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दरमहा ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. पहिल्याच भेटीत या चाचणीविषयी विचारावे. आणि लेकीची पाठवणी करताना सासूबाईंनी ओटी भरावी, तशीच ती फाइलही आठवणीने तिच्या हाती द्यावी.