कोंबडीचे कच्चे मांस घरी कसे सांभाळावे ?

चैत्र-वैशाखात गावोगाव जत्रा भरतात व घरोघर पाहुणे येतात. अशा प्रसंगी बाजारच्या गावाहून सकाळीच कोंबडीचे मांस आणावयाचे व सायंकाळी रस्सा करावयाचा, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. मांसाची पिशवी एस. टी. त तास-दीड तास प्रवास करते आणि मग स्वयंपाकघरात खुंटीला टांगून राहते. बाहेर उष्णतामान ४० अंशांच्या आसपास असते. पुढे एकदोन दिवसांत घरात कोणास जुलाब, कोणास उलट्या, कोणास ताप सुरू झाला, म्हणजे दोष उन्हाला किंवा तिखटाला दिला जातो. खरा दोष पुष्कळदा मांस ठेवण्याच्या रीतीत असतो. लहान मुले, वृद्ध माणसे व गरोदर स्त्रिया यांना अशा दुखण्यापासून विशेष धोका पोहोचतो.

मांसात जंतू कसे वाढतात ?

धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यांतही साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे रोगजंतू असू शकतात. कोंबडी कापताना व सोलताना ते मांसाला लागतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत व त्यांच्यामुळे मांसाला घाण वास येतोच असे नाही. म्हणून वास येत नाही, तेव्हा मांस निर्दोष आहे, असे समजणे चुकीचे आहे.

साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतामानात जंतूंची वाढ होते. ऊब अनुकूल मिळाली तर साल्मोनेलासारखे जंतू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने १,००० जंतूंचे ४ तासांत ४० लाखांहून अधिक जंतू होतात. जिवंत कोंबडीचे अंग सुमारे ४१ अंश उष्ण असते. त्यामुळे ताजे कापलेले मांस मुळातच उबदार असते. ते ‘ताजे आहे’ म्हणून तसेच ठेवून देणे म्हणजे जंतूंना आयते घर देणे होय.

थंडीने जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते, एवढेच. ते मरतात ते पुरेशा उष्णतेने. मात्र काही जंतू मांसात विष सोडतात व ते विष शिजवूनही नाहीसे होत नाही. म्हणून ‘रस्सा चांगला उकळला म्हणजे झाले’ या भरवशावर मांस तासन् तास बाहेर ठेवू नये.

वेळेची मर्यादा

कच्चे मांस थंडाव्याशिवाय एकूण २ तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये. हवेचे उष्णतामान ३२ अंशांपेक्षा अधिक असल्यास ही मर्यादा १ तासाची समजावी. वाटेतील वेळही यातच धरावा. यास्तव बाजारातील इतर सर्व कामे उरकून मांस शेवटी घ्यावे. अंतर लांबचे असल्यास झाकणाच्या डब्यात बर्फ घालून त्यात मांसाची पिशवी आणावी.

फ्रीजमध्ये ठेवण्याची रीत

मांस घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवावे. वर ठेवल्यास त्याचे पाणी दूध, भाजी किंवा कोशिंबिरीवर ठिबकण्याचा संभव असतो. फ्रीजचे उष्णतामान ४ अंश किंवा त्याहून कमी असावे. एवढे करूनही कच्चे मांस १ ते २ दिवसांत शिजवावे. त्याहून अधिक दिवस ठेवावयाचे असल्यास, एका वेळेस लागेल एवढे वेगवेगळे वाटे करून ते उणे १८ अंशांच्या शीतकप्प्यात गोठवावेत.

गोठलेले मांस ओट्यावर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री ते खालच्या फळीवर ठेवावे. किंवा न गळणाऱ्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावे, दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे व वितळताच शिजवावे.

वीज गेल्यास फ्रीजचे दार उघडू नये. दार बंद राहिल्यास आतील थंडावा सुमारे ४ तास टिकतो. त्याहून अधिक काळ वीज नसल्यास फ्रीजमधील कच्चे मांस टाकून देणेच श्रेयस्कर. दोनशे-तीनशे रुपयांच्या मांसापेक्षा घरातील माणसाचे आरोग्य मोलाचे आहे.

फ्रीज नसल्यास

ज्यांच्या घरी फ्रीज नाही, त्यांनी एका वेळेपुरतेच मांस आणून ते लगेच चुलीवर चढवावे. घरची कोंबडी कापावयाची असल्यास ती स्वयंपाकाच्या वेळीच कापावी. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाने पाणी गार होते, परंतु मांस सुरक्षित राहील एवढा थंडावा त्यात येत नाही. हळद व मीठ चोळल्यानेही मांस बाहेर टिकत नाही. दही-मसाला लावून मुरत ठेवावयाचे मांसदेखील थंडाव्यातच ठेवले पाहिजे.

स्वयंपाकघरातील स्वच्छता

कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. धुतल्याने जंतू निघून जात नाहीत. उलट शिंतोड्यांबरोबर भांड्यांवर व ओट्यावर पसरतात. पिसे किंवा रक्त राहिले असल्यास ते ओल्या कागदाने पुसून काढावे व कागद टाकून द्यावा. ज्या विळीवर मांस चिरले, तिच्यावर साबणाने घासल्याशिवाय कांदा-काकडी चिरू नये. हातही साबणाने धुवावेत.

शिजविताना मांसाच्या आतील उष्णतामान ७४ अंशांपर्यंत पोहोचले पाहिजे. रस्सा खळखळत असला तरी हाडाजवळचा भाग कच्चा राहू शकतो. म्हणून सर्वांत जाड तुकडा हाडापर्यंत चिरून पाहावा. तो लालसर दिसल्यास आणखी शिजवावा.

ग्रामसेवकांनी व अंगणवाडी सेविकांनी ही माहिती जत्रेचे दिवस येण्यापूर्वीच घरोघर सांगावी. सर्व नियम कोणाच्या लक्षात राहिले नाहीत, तरी एक प्रश्न प्रत्येक गृहिणीने व बाजार आणणाऱ्या प्रत्येकाने स्वतःस विचारावा : कोंबडी कापल्यापासून हे मांस किती वेळ थंडाव्याबाहेर राहिले ? या प्रश्नाचे उत्तर ज्या घरात नेमके देता येते, त्या घरात पाहुणचारानंतर दवाखान्याची वाट धरण्याची पाळी सहसा येणार नाही.