नक्षीचा कागद आणि मोकळी जागा

चिकटवही हा शब्द उच्चारताच आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे कार्यानुभवाचा तास, घोटीव कागदाचे कपटे, बोटांना लागलेली खळ आणि ओळीने डकवलेली फळे, पक्षी व राष्ट्रपुरुष उभे राहतात. परंतु छायाचित्रे, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले अशा सटरफटर ऐवजाची नक्षीदार कागदांवर रचना करून घराण्याचे एक चित्रमय दप्तर सिद्ध करणे हीही चिकटवहीच होय, आणि तिची गणना निव्वळ रिकामपणच्या उद्योगांत करू नये, हे मला किल्लारीच्या नव्या गावठाणात राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंमुळे उमगले.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपतींचे विसर्जन करून गाव नुकता कुठे झोपी गेला असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जो भूकंप झाला, त्यात या टापूतील सुमारे दहा हजार माणसे माळवदाच्या जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली गाडली गेली, हे सर्वश्रुत आहे. माणसांचा हिशेब सरकारी पंचनाम्यांत लागला. खुंटीवरच्या तसबिरींचा आणि ट्रंकेतल्या फोटोंचा तपशील कोणत्या कागदात असणार? आत्याबाईंच्या ट्रंकेतून निघालेला एकुलता एक कौटुंबिक फोटो मागाहूनच्या पावसाने एका कोपऱ्यात विरघळला होता, आणि त्याच्यासाठी एक पान सजवून देण्याचे काम त्यांनी मजकडे सोपवले.

नक्षीच्या कागदाचा शौक या मुलखाला परका नाही. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर जो ढगाळ, लहरी रंगांचा कागद आपण पाहतो त्याचे ‘अबरी’ हे नावच मुळी फारसी ‘अब्र’ म्हणजे ढग या शब्दावरून आले आहे. सतराव्या शतकात आदिलशाही विजापूरच्या चित्रकारांनी, नको तो भाग झाकून ठेवून उरलेल्या आकारातच अबरी उतरवण्याची युक्ती साधली, आणि हाडे वर आलेला घोडा व त्याचा तसाच खंगलेला स्वार यांचे त्यांनी केलेले चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बादशाही ग्रंथालयांत चित्रे आणि सुलेखनाचे नमुने एकत्र बांधून जे ‘मुरक्के’ तयार होत, त्या शब्दाचा अर्थही ‘ठिगळे जोडलेला’ असाच आहे. मार्क ट्वेनने १८७३ साली आयता डिंक लावलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले, ही गोष्ट त्यामानाने कालचीच म्हणायची!

पानाची मांडणी करताना पहिला मान फोटोचा. कागद त्याचा मानकरी नव्हे, चोपदार. बारा इंची चौरस पानावर मोठ्या नक्षीचा एक, बारीक नक्षीचा एक आणि साधा एक, असे तीन कागद पुरे होतात. रंग निवडायचा तो फोटोतूनच उचलावा. आणि फोटो व नक्षी यांच्यामध्ये चार-पाच मिलिमीटर साध्या कागदाची पट्टी दिसू द्यावी, नाहीतर चेहरे नक्षीत बुडतात. मी काळ्या मातीच्या रंगाचा जाड कागद तळाशी घेतला आणि त्यावर इरकली लुगड्याच्या चौकड्यांची आठवण करून देणारा बारीक चौकटीचा कागद एका कडेने लावला. वर्तमानपत्राचा कागद मात्र फोटोला कधी भिडवू नये. त्यात लिग्निन असते, तो पिवळा पडतो आणि त्याच्यातले आम्ल फोटोलाही बाधते. कात्रण ठेवायचेच असेल तर त्याची नकल काढून, आम्लरहित कागदावर घेऊन, मग ठेवावी. डिंकाऐवजी कागदी कोपरे उत्तम, कारण कोपऱ्यांतला फोटो केव्हाही बाहेर काढता येतो.

आता डायकटविषयी. छापखान्यातले लोक ज्याला ‘डाय मारणे’ म्हणतात ते काम पाहण्यासारखे असते: प्लायवूडच्या फळीत धारदार पोलादी पट्ट्या हव्या त्या आकारात वळवून बसवलेल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना रबराचे तुकडे, म्हणजे दाब सुटताच कागद आपोआप वर उचलला जावा, आणि ट्रेडलचा एकेक ठोका पडला की लग्नपत्रिकेवरचा गणपती कागदातून मोकळा होतो. घरगुती कामाला हाताने फिरवायचे दोन रुळांचे छोटे यंत्र मिळते. बाजारात मिळणारे तयार आकार बहुधा गुलाब, फुलपाखरे आणि कुठल्यातरी परदेशी मनोऱ्याचे असतात. माझ्या मते ते लातूर जिल्ह्यातल्या पानावर पाहुण्यासारखे अवघडून बसतात. त्यापेक्षा पडलेल्या घराची कमान पुठ्ठ्यावर काढून, धारदार पात्याने स्वतः कापलेली बरी.

हे शहाणपण मला उशिरा सुचले. पहिल्या खेपेस मी विरघळलेला कोपरा झाकण्यासाठी तिथे मोठे कापीव फूल लावले होते. आत्याबाईंनी चष्मा पुसून पान निरखले.

“आरं, हे फूल कुठं डकवलास? त्येच्याखाली सासूबाईचा हात गेला की.”

मला तिथे डागाखेरीज काही दिसत नव्हते. त्यांना मात्र त्या डागात खांद्यावर ठेवलेला हात अचूक ठाऊक होता. फूल काढले, डाग उघडा ठेवला आणि त्याच्या बाजूची तीन बोटे जागाही कोरीच सोडली. फोटोच्या पाठीवर कोणीतरी शिसपेन्सिलीने तारीख लिहिलेली होती. ती दडपली जाऊ नये म्हणून फोटो एका जाड कागदी चौकटीच्या कोपऱ्यांत बसवला, चौकटीला मागे झरोका ठेवला, ती पानाला एकाच कडेने कापडी पट्टीने जोडली आणि दुसऱ्या कडेला धरायला कापलेली कमान लावली. कमान ओढली की फोटो दारासारखा उघडतो आणि पाठीवरची तारीख दिसते. कमानीचे टोक नाजूक आहे, म्हणून आत्याबाई ती वही हातात धरत नाहीत. जाजमावर ठेवूनच उघडतात.